लक्ष कुणाचं होतं?

मंडळी, मे महिना लागला. पुण्याहून, मुंबईहून, कुणाची तर थेट परदेशातून नातवंडं बडोद्याला आजोळी यायला लागली. दांडिया बाजारातला जुना वाडा असो की गोत्री-वासणा भागातला फ्लॅट, एरवी जिथे संध्याकाळी फक्त टीव्हीचा आवाज असतो तिथे आता दिवसभर धुडगूस चालू आहे. आमरसाची पातेली, अगाशीवर गाद्या, झोपाळ्यावर कोण बसणार म्हणून भांडणं. वर्षभर वाट पाहावी असेच हे दिवस.

मी तीस वर्षं रुग्णालयात मुलांच्या विभागात परिचारिका होते. सुट्टीच्या या दिवसांत आमच्याकडे ताप-जुलाबाच्या मुलांबरोबर आणखी एक गर्दी असायची. भाजलेली, पडलेली, बोट चेमटलेली, काहीतरी गिळलेली मुलं. त्यातली कितीतरी त्या घरात पाहुणी आलेली असत. त्याचं कारण साधं आहे. ज्या घरात पंधरा-वीस वर्षं लहान मूल राहिलेलं नाही, ते घर मोठ्यांच्या सोयीनं मांडलेलं असतं. गोळ्यांचा डबा हाताशी, चहाची किटली टेबलाच्या कडेला, बाथरूममध्ये भरलेली बादली. आजी-आजोबांची माया कमी नसते, पण घर तयार नसतं.

म्हणून या महिन्याचा लेख तुमच्यासाठी, म्हणजे मुलांना घेऊन आजोळी निघालेल्या तरुण आई-बाबांसाठी. आई-वडिलांनाही वाचून दाखवा. फक्त भांडू नका.

चुकीचा प्रश्न

मूल जखमी होऊन आलं की डॉक्टर तपासून बाजूला होईपर्यंत सगळे गप्प असतात. मग पडद्यामागून पहिलं वाक्य ऐकू येतं, "लक्ष कुणाचं होतं?" बहुतेक वेळा ते मुलाच्या आईकडे बघून विचारलेलं असतं. ती आधीच रडत असते.

मला हा प्रश्न तेव्हाही आवडत नसे, आजही आवडत नाही. एक तर त्याला उत्तरच नाही. दोन वर्षांच्या मुलावर दिवसाचे चौदा तास डोळे रोखून बसणं कुणाच्याच हातचं नसतं. दूध उतू जातं, दाराची बेल वाजते, कुरियरवाला ओटीपी मागतो. मूल तेवढ्यात जातं. आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असेल तर आणखी पंचाईत. आईला वाटतं आजी बघतेय, आजीला वाटतं आत्या बघतेय, आणि आत्या स्वयंपाकघरात पुऱ्या तळत असते.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. दोष कुणाचा हे विचारायला लागलं की माणसं खरं सांगायचं थांबतात. एका संध्याकाळी अडीच वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला. गुंगीत, घामानं भिजलेला. "दुपारपासून झोपाळलाय, ऊन लागलं असेल," असं घरच्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी बोटाला टोचून साखर तपासायला सांगितली, तर ती अगदी खाली गेलेली. शिरेतून ग्लुकोज सुरू झालं. मी त्याच्या आजीला हात धरून बाहेर नेलं आणि विचारलं, "काकू, तुम्हाला मधुमेह आहे का?" तेव्हा त्या रडू लागल्या. सकाळी गोळी जमिनीवर पडली होती, ती सापडली नव्हती. दुपारी नातू झोपाळू झाला तेव्हाच त्यांच्या मनात शंका आली होती. पण सुनेसमोर बोलायची हिंमत झाली नाही. मुलगा वाचला. पण पाच-सहा तास गेले ते ऊन लागलं म्हणून नव्हे, "लक्ष कुणाचं होतं" या प्रश्नाच्या भीतीनं.

मग विचारायचं काय? "ती वस्तू तिथे का होती?" हा प्रश्न विचारा. त्याला उत्तर असतं, आणि ते उत्तर मिळालं की काहीतरी करता येतं.

हे नुसतं माझं मत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या सुमारास उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुलं पडण्याचं प्रमाण फार होतं. तिथल्या आरोग्य खात्यानं आयांना नुसता उपदेश केला नाही. लहान मुलं असलेल्या घरांना खिडकीचे गज पुरवले आणि १९७६ साली ते बसवणं बंधनकारक केलं. पडणाऱ्या मुलांची संख्या झपाट्यानं खाली आली. आया पूर्वी होत्या तशाच होत्या, फक्त खिडकी बदलली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००८ साली मुलांच्या अपघातांवर अहवाल काढला, त्यात जगभरात रोज दोन हजारांहून जास्त मुलं अपघाती इजांनी दगावतात असं म्हटलं होतं. अशा इजा मोठ्या प्रमाणात टाळता येतात, हाच त्या अहवालाचा मुख्य मुद्दा होता.

तर चला, घरभर एक चक्कर मारू.

स्वयंपाकघर आणि चहाचा ट्रे

भाजण्याच्या बाबतीत लोक आगीला घाबरतात. आमच्याकडे येणारी लहान मुलं मात्र बहुतेक वेळा आगीनं नव्हे, पातळ गरम पदार्थानं भाजलेली असत. चहा, दूध, वरण, आंघोळीचं पाणी. मुलाची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. साठ अंश तापमानाच्या पाण्यानं मोठ्या माणसाला खोल भाजायला काही सेकंद लागतात, लहान मुलाला त्याहूनही कमी. आणि कपात ओतलेला चहा आपल्याला "कोमट झाला" असं वाटलं तरी दहा-पंधरा मिनिटांपर्यंत मुलाला भाजू शकतो.

ठरलेले प्रसंग तेच असतात. टीपॉयवर चहाचा ट्रे, खाली लोंबणारा टेबलक्लॉथ, आणि तो धरून उभं राहू पाहणारं मूल. ओट्याच्या कडेवरून लोंबणारी इलेक्ट्रिक किटलीची वायर. एका मांडीवर नातू आणि दुसऱ्या हातात गरम चहा घेतलेले आजोबा. म्हणून मुलं घरात असेपर्यंत टेबलक्लॉथ काढून ठेवा. कढईचा दांडा आतल्या बाजूला वळवा. चहा पिणाऱ्याच्या मांडीवर मूल नाही आणि मूल असलेल्याच्या हातात चहा नाही, एवढा एक नियम घरात सगळ्यांना पाठ करायला लावा.

आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलटं नाही. गरम पाणी ओतून आपण गार पाण्याचा नळ सोडायला वळतो तेवढ्यात मूल हात घालतं. गीझरचं तापमान पन्नासच्या खाली आणा. बादलीत सोडायचा हीटरचा रॉड असेल तर तो या महिन्यापुरता माळ्यावर टाका.

आणि भाजलंच तर? नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून वीस मिनिटं; दोन मिनिटांत थांबू नका. अंगाला न चिकटलेले कपडे आणि बांगड्या काढा, बाकीचं अंग मात्र गार पडू देऊ नका. नंतर स्वच्छ कापडानं झाका आणि दवाखाना गाठा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळद नको, बटाट्याचा कीसही नको. हे सगळं आम्हाला नंतर जखमेवरून खरवडून काढावं लागायचं, आणि तेव्हा मूल किती ओरडायचं ते मी इथे लिहीत नाही.

बादलीभर पाणी

लहान मूल बुडायला तळं लागत नाही. पाच सेंटिमीटर पाणीसुद्धा पुरतं. रांगणाऱ्या किंवा नुकत्या चालू लागलेल्या मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं. बादलीत डोकावताना ते पुढे झुकतं आणि पुन्हा वर येण्याएवढी ताकद हातांत नसते. सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा किंवा हात-पाय मारणं काहीच होत नाही. मूल गुपचूप बुडतं. शेजारच्या खोलीत बसलेल्याला काही कळत नाही.

आपल्याकडे पाणी जाईल म्हणून बादल्या, टब भरून ठेवायची जुनी सवय. सुट्टीपुरती ती मोडा, नाहीतर बाथरूमला बाहेरून, मुलाचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर कडी लावा. अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण उचलून बघा. तुम्हाला एका हातानं सहज उचलता आलं तर सात वर्षांच्या मुलालाही येईल. त्याला कुलूप हवं.

देवघर, औषधांचा डबा आणि पाहुणीची पर्स

या भागात मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथला धोका लोकांना दिसत नाही.

देवघरातला कापूर आधी घेऊ. पांढरी शुभ्र वडी, छान वास, आणि मुलाच्या हाताला येईल अशा डबीत. कापूर पोटात गेला तर थोड्याच वेळात मुलाला झटके येऊ शकतात, आणि त्यासाठी फार मोठी मात्रा लागत नाही. आरती झाली की डबी वरच्या फळीवर ठेवा. कपाटातल्या डांबरगोळ्यांचंही तेच. रंगीत असतील तर मुलांना त्या पेपरमिंटच वाटतात.

मग आजी-आजोबांच्या गोळ्या. मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी एकच गोळी लहान मुलाची साखर घातक इतकी खाली आणू शकते, आणि परिणाम काही तासांनी दिसतो. रक्तदाबाच्या काही गोळ्याही तितक्याच वाईट. घरात गरोदर बाई असेल तर तिच्या लोहाच्या लाल गोळ्या सांभाळा. मुलांना त्या चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या दिसतात आणि जास्त खाल्ल्या तर जिवावर बेततं. सोमवार ते रविवार कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा वयस्कर माणसांना सोयीचा असतो, पण तो उघडायला मुलालाही तितकाच सोपा. तो उंचावर, कपाटाच्या आत. टेबलावर, फ्रीजवर किंवा उशीखाली नाही. आणि मुलानं औषध घ्यावं म्हणून त्याला "चॉकलेट आहे हं" असं कधीही सांगू नका. ते विश्वास ठेवतं.

पाहुण्या आलेल्या मावशीची पर्स पलंगावर पडलेली असते. त्यात गोळ्या असतात, सुपारी असते, कधी कधी बाम असतो. आल्या आल्या पर्स खुंटीला लावायची पद्धत पाडा.

फिनाइल, संडास धुवायचं ॲसिड, रंगाऱ्यानं मागे ठेवलेलं टर्पेंटाइन हे थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची आपली सवय तर कमाल आहे. तहानलेल्या मुलानं त्या बाटलीतून काय प्यावं अशी आपली अपेक्षा असते? जी वस्तू ज्या बाटलीत आली, त्याच बाटलीत राहू द्या.

असं काही पोटात गेलं तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोट घालू नका. टर्पेंटाइन, रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात उतरतं आणि ॲसिड अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजतं. बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या आणि निघा.

बटण बॅटरी लक्षात ठेवा. रिमोटमध्ये, खेळण्यात, वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात असते ती चपटी, चकचकीत. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत आतून भाजायला सुरुवात करते. "नाणं गिळलं असेल, सकाळी शीमधून पडेल," असा धीर कुणी दिला तरी थांबू नका. त्याच वेळी रुग्णालयात जा आणि एक्स-रे काढा.

आणि आपल्या बडोद्याची खारी शिंग! आजोबा संध्याकाळी शिंग-चणे घेऊन बसतात आणि प्रेमानं दोन दाणे नातवाच्या तोंडात टाकतात. चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष द्यायचं नाही. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर एकदाच ठसका लागतो, मग मूल शांत होतं, आणि पुढचे तीन आठवडे खोकल्याचं औषध चालू राहतं. शेवटी भूल देऊन, दुर्बीण घालून दाणा काढावा लागतो. हा झाला नशीबवान मुलाचा प्रकार. दाणे कुटून द्या, द्राक्षं उभी चिरून द्या.

झोपाळा, गॅलरी आणि अगाशी

झोपाळ्याशिवाय बडोद्याचं घर नाही. पण आमच्याकडे बोट चेमटून आलेल्या कितीतरी मुलांची कथा त्याच्याच कड्यांपाशी सुरू व्हायची. रांगणारं मूल मागून येतं आणि येणारा पाट नेमका त्याच्या कपाळाच्या उंचीवर असतो. दोन-तीन वर्षांचं मूल येणार असेल तर पाट काढून भिंतीला टेकवून ठेवा. आजोबा कुरकुरतील. महिनाभर खुर्चीत बसतील.

गॅलरीच्या गजांत दहा सेंटिमीटरहून जास्त अंतर असेल तर लहान मूल त्यातून निसटू शकतं. कठड्यालगत खुर्ची, कुंडी, जुना टीपॉय ठेवू नका. त्याची शिडी होते. आणि कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर विसंबू नका. ती कबुतर अडवायला असते, मुलाचं वजन पेलायला नाही. अगाशीच्या दाराला वरची कडी हवी, उत्तरायणाच्या दिवशीच नव्हे तर बाराही महिने.

बाळासाठी चाकांचा वॉकर घ्यायचा विचार असेल तर घेऊ नका. त्यानं मूल लवकर चालत नाही. फक्त जिन्यापर्यंत आणि गॅसपर्यंत लवकर पोचतं. कॅनडानं २००४ सालीच त्यावर बंदी घातली.

दाराबाहेर

स्कूटरवर पुढे उभं केलेलं मूल हा आपल्या शहरात रोजचा देखावा. ब्रेक लागला की ते थेट हँडलवर आदळतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट, चालकाशी बांधणारा पट्टा आणि ताशी चाळीस किलोमीटरची मर्यादा, असा नियम केंद्र सरकारनं २०२२ साली अधिसूचित केला आहे. सोळा वर्षांच्या भाच्याला "सोसायटीतच फिरवतोय" म्हणून गाडीची किल्ली देणाऱ्या मामांसाठीही कायदा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो. बंद मोटारीत मूल "पाच मिनिटं" ठेवण्याची गोष्ट तर बोलूच नका. दहा मिनिटांत आतलं तापमान सुमारे दहा अंशांनी चढतं, आणि आपल्याकडे मेमध्ये बाहेरच बेचाळीस असतं.

सुट्टीत सहली निघतात. १८ जानेवारी २०२४ हा दिवस बडोद्यातलं कुठलंच घर विसरलेलं नाही. हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. ते कुणा आईच्या लक्ष न देण्यानं झालं नाही. ज्यांनी माणसं मोजायची त्यांनी मोजली नाहीत. त्यांना जाब विचारणं हे न्यायालयाचं काम आहे. आपल्या हातात एवढंच आहे की बोटीच्या काठाशी उभं राहून आपण मोजायचं. जॅकेट कमी असेल तर तिकिटाचे पैसे सोडून द्यायचे आणि मुलाला खाली उतरवायचं. मूल रडेल, मागचे लोक "चला हो" म्हणतील. म्हणू द्या.

पाणी, अगाशी आणि गर्दी या तीन ठिकाणी मात्र नजर हवीच. तिथे सगळ्यांचं लक्ष म्हणजे कुणाचंच नाही. एकाचं नाव ठरवा. त्याला उठायचं असेल तर त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "मी जातोय, आता चिन्मयवर नजर तुझी." समोरच्यानं "हो" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. आमच्या वॉर्डात आम्ही रुग्ण असेच एकमेकींच्या ताब्यात देत होतो.

या रविवारी अर्धा तास

पोचलात की सामान उघडण्याआधी एक काम करा. आजी किंवा आजोबांपैकी एकाला बरोबर घ्या आणि घरभर गुडघ्यांवर फिरा. ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी खुर्चीवर बसून कागदावर लिहावं. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं. लोंबणाऱ्या वायरी, पलंगाखालची उंदराच्या औषधाची वडी, टेबलाचा कोपरा. दिसेल ते तिथल्या तिथे हलवा. "नंतर बघू" यादीत काही ठेवू नका.

१०८ आणि जवळच्या चोवीस तास उघड्या रुग्णालयाचा नंबर फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा. मोबाईलमध्ये आहे हे पुरेसं नाही, कारण त्या क्षणी मोबाईल कुठे आहे ते आठवत नाही.

घास अडकून मूल निळं पडत असेल आणि आवाज निघत नसेल तर: वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाब. वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर झटका. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून. दिसत नसलेली वस्तू काढायला तोंडात बोट घालायचं नाही. मूल बेशुद्ध पडलं तर जमिनीवर ठेवा आणि १०८वर जे सांगतील ते करत राहा. हे वाचून येत नाही. उशीवर सराव करा, घरातल्या सगळ्यांनी.

आणि सगळं करूनही काही झालंच, तर ज्याच्या समोर झालं त्याला आधी जवळ घ्या. मग शांतपणे विचारा, काय खाल्लं, किती, कधी. खरं उत्तर लवकर मिळालं तर आत बसलेल्या डॉक्टरांचं निम्मं काम झालेलं असतं.

पुढच्या महिन्यात पावसाळा. डास, डेंग्यू आणि "पपईच्या पानांचा रस" याबद्दल बोलू. तोवर सुट्टी मजेत जावो, आणि मुलं आली तशीच परत जावोत.